जसुफोईच्या बारा वाट्या

जसुफोईच्या तोंडाला कधी कुलूप नव्हतं, आणि दाराला तर नव्हतंच. पेटलादच्या आंबलीवाळ्या, म्हणजे चिंचेच्या, खडकीत एका वेशीच्या आत बावीस घरं. त्यातल्या सोळा घरांना कुलपं, आणि त्यांच्या किल्ल्या कुणाच्या न्यूजर्सीत, कुणाच्या लेस्टरात. उरलेल्या सहा घरांत म्हातारी माणसं, कबुतरं आणि जसुफोई.

फोई म्हणजे आत्या. सख्खी आत्या ती एकट्या परिमलची, आणि तो आणंदला राहायचा. पण अख्खी खडकी तिला फोईच म्हणे. बाळाचं नाव ठेवायचा मान आत्याचा. लग्नानंतर चार वर्षांत नवरा गेला आणि जसु बापाच्या घरी परत आली. अशी हाताशी असलेली आत्या खडकीत एकच, म्हणून ज्यांना आत्या नव्हती त्यांचीही नावं हिनेच ठेवली. तिने हौसेने एकाचं हरिवदन ठेवलं, त्याचा तिकडे हॅरी झाला. "मी दिलेलं नाव मेल्याने विमानातून खाली टाकलं," असं ती म्हणायची. हॅरीचा फोन आला की मग अर्धा तास दर वाक्यात त्याला हरिवदन म्हणून त्याचं उट्टं काढायची.

सासरहून परत येताना तिने एकच गोष्ट हट्टाने आणली होती, बापाने लग्नात दिलेल्या बारा वाट्या. जाड बुडाच्या, आणि प्रत्येकीच्या बुडाशी कोरलेलं, 'चि. जसु'. चिरंजीव जसु आता बहात्तर वर्षांची झाली होती, पण वाट्यांना ते कुणी सांगितलं नव्हतं.

रोज सकाळी दहाच्या आत त्यातली एक वाटी भरून कुणाच्या तरी घरी जायची. आणि भरून गेलेली वाटी रिकामी परत येत नाही, हा खडकीचा कायदा. आज हिचे मुठिये गेले तर उद्या तिचं लोणचं आलं, असं पन्नास वर्षं चाललं होतं. देताना गोड बोलावं हे मात्र जसुफोईला कुणी शिकवलं नव्हतं. समोरच्या मधुकांताच्या हातात वाटी ठेवून ती म्हणायची, "तुझा कालचा हांडवो खाल्ला. म्हटलं, बिचारीला एकदा खरा हांडवो कळू दे." मधुकांता वाटी घ्यायची, हांडवो खायची आणि दुसऱ्या दिवशी तितक्याच प्रेमाने टोमण्यासकट परत करायची.

अखात्रीजेच्या, म्हणजे अक्षय्यतृतीयेच्या, सुमाराला खडकीच्या टोकाच्या कुलूपबंद घरात भाडेकरू आला. प्रबोधभाई त्याचं नाव. एस.टी.च्या डेपोत पस्तीस वर्षं चौकशीच्या खिडकीत बसून भोंग्यावर गाड्या पुकारून निवृत्त झालेला. बायको, कुसुमबेन, वर्षापूर्वी गेलेली. मूलबाळ नाही. माणूस इतका गप्प की जन्माचं बोलणं डेपोतच संपवून आलाय असं वाटावं.

जसुफोईने पहिल्याच सकाळी त्याच्याकडे मेथीचे मुठिये नेले. दार अर्धं उघडलं, दोन हात बाहेर आले, "उपकार झाले, बेन," असं कुणीतरी पुटपुटलं आणि दार लागलं. वाटी गेली ती गेलीच.

आठवडा झाला. दुसरं कुणी असतं तर मूग गिळून बसलं असतं, नाहीतर मागायला गेलं असतं. जसुफोईने दुसरी वाटी पाठवली. "हिला बघून तरी पहिलीची आठवण होईल," म्हणाली. दुसरीही गेली. मग तिसरी. आता प्रश्न वाटीचा राहिला नव्हता, जिद्दीचा झाला होता. "बघतेच, किती दिवस लाज वाटत नाही ते!" म्हणजे माणसाची खोड मोडायची म्हणून त्याला दर आठवड्याला ताजं ताजं करून खाऊ घालायचं. असा सूड आंबलीवाळ्या खडकीत जसुफोईनेच उगवावा.

आषाढ निघेपर्यंत अकरा वाट्या त्या दारात गडप झाल्या आणि बाकीच्या घरांना तिची वाटी दिसेनाशी झाली.

"काय गं जसु," मधुकांताने एकदा ओट्यावरून विचारलं, "आमच्या घराला सुतक आहे का? दीड महिना झाला, तुझी वाटी नाही."

"वाट्या आहेत कुठे? सगळ्या त्या भोंग्याच्या घरात. उरलेली एक आता मी घराबाहेर काढणार नाही."

"मग जा की मागायला."

"मी मागू? दिलेली वाटी कुणी मागून आणतं का?"

"नाही, पेरतात," मधुकांता म्हणाली. "अकरा पेरल्यास ना? बघ, दिवाळीपर्यंत उगवतील."

श्रावण लागला आणि एका सकाळी मोरीत जसुफोईचा पाय घसरला. मोडलं काही नाही, पण उठता येईना. ती तिथेच भिंतीला टेकून बसली. पूर्वी दहापर्यंत तिची वाटी बाहेर पडली नाही तर कुणीतरी दारातून ओरडायचं, "फोई, आज संप का?" त्या दिवशी दहा वाजले, साडेदहा झाले, अकरा झाले. कुणी ओरडलं नाही. ओरडणार कसं? तिच्या वाटीची वाट बघायची सगळ्यांची सवय तिनेच मोडली होती. पण मोरीत बसलेल्या माणसाला स्वतःची चूक दिसत नाही. तिला एवढंच दिसलं, की आपण दोन तास मरून पडलो असतो तरी कुणाला पत्ता लागला नसता. तिला फार एकटं वाटलं. शेवटी नळाला धरून ती आपली आपण उठली, आणि नेमका तेव्हाच परिमलचा फोन वाजला.

"फोई, किती वर्षं सांगतोय, आमच्याकडे ये. तिथे आहे कोण तुझं?"

या प्रश्नाला तिचं वीस मिनिटांचं उत्तर ठरलेलं होतं. त्या दिवशी ती म्हणाली, "कुणी नाही. जन्मआठमीला गाडी घेऊन ये."

फोन ठेवल्यावर पाच मिनिटांत तिला कळलं, की हे हात दाखवून अवलक्षण झालं. पण बोललेलं परत घ्यायची कला जसुफोईला अवगत नव्हती. तिकडे भाचेसून फाल्गुनीने खोली रंगवून घेतली, बुटका पलंग आणला, न्हाणीत धरायला दांडा बसवला. फाल्गुनी जरा वाईट असती तर बरं झालं असतं. बिचारीने नाक मुरडायलाही जागा ठेवली नव्हती. जसुफोईने माळ्यावरची ट्रंक काढली आणि खडकीत कुणाला काही सांगितलं नाही.

श्रावण वद छठीला सगळ्या घरांनी दोन दिवसांचं रांधून ठेवलं. संध्याकाळी शेगड्या धुतल्या, पुसल्या, कुंकू लावून त्यांना हात जोडले. रात्री शीतळामा येऊन चुलीवर लोळते, आणि चूल गरम लागली तर भाजून घेते आणि शाप देते. म्हणून सातमीला कुणी काडीसुद्धा ओढत नाही. थंड थेपले, थंड वडे, दही. चहाही नाही, त्यामुळे त्या सकाळी खडकीतल्या सगळ्या भक्तांचा चेहरा जरा पडलेलाच असतो.

अशा वेळी वेशीपर्यंत धूर आला.

"जसु, गूळ जळतोय," मधुकांता नाक वर करून म्हणाली.

"सातमीला? कुणाच्या घरात?"

"तुझ्या शेतात. जिथे अकरा पेरल्यास तिथे."

दुखरा गुडघा विसरून जसुफोई टोकाच्या घराकडे निघाली. ताकाला जाऊन भांडं लपवायची तिची रीत नव्हती. दार ढकलून ती सरळ स्वयंपाकघरात घुसली. धुरात प्रबोधभाई उभे होते, खांद्यावर पंचा, हातात उलथनं, पुढ्यात काळी ठिक्कर कढई.

"बंद करा आधी ते!" तिने स्वतःच शेगडीचा कान पिळला. "आज काय आहे माहीत आहे का तुम्हाला?"

"बुधवार," प्रबोधभाई म्हणाले.

"शीतळा सातम आहे! देवी लोळते या शेगडीवर. भाजली असती म्हणजे?"

प्रबोधभाईंचा चेहरा एवढासा झाला. "सातम, आठम कुसुमला कळायची, बेन. ती गेल्यापासून घरात नुसते वार येतात."

जसुफोई तोंडभर शिव्या घेऊन आली होती. त्यातल्या निम्म्या तिथेच विरल्या. उरलेल्या देण्यासाठी तिने तोंड उघडलं, तेवढ्यात तिची नजर फळीवर गेली. कुसुमबेनच्या तसबिरीखाली, स्वच्छ कागदावर, अकरा वाट्या ओळीत पालथ्या घातल्या होत्या. इतक्या लख्ख की बुडावरचं 'चि. जसु' दारातून वाचता येत होतं.

"म्हणजे आहेत!" ती म्हणाली. "मग चार पावलं येऊन परत द्यायला काय झालं होतं? पायाला मेंदी लावली होती?"

"रिकाम्या कशा देऊ?" प्रबोधभाईंनी विचारलं. "कुसुमने जन्मभर एकच धडा घोकून घेतला, आलेली वाटी रिकामी पाठवायची नाही. आणि मला येतो फक्त डाळभात. तो काय वाटीत घालून देणार? म्हटलं, सुखडी करावी. कणीक, तूप, गूळ, तीनच जिनसा. जमली की पहिली वाटी देऊ. तोवर दुसरी आली. दुसरीची तयारी करतोय तर तिसरी आली. तुम्ही मला दमच घेऊ दिला नाहीत, बेन."

त्यांनी एक डबा उघडून पुढे केला. आत तीन महिन्यांच्या सुखड्या होत्या. जसुफोईने एक तुकडा ओट्यावर आपटला. ओट्याचा टवका उडाला.

"गाईला घालून पाहिली," प्रबोधभाई खाली बघत म्हणाले. "तिने हुंगली, माझ्याकडे बघितलं आणि निघून गेली."

"मी काय काय पाठवलं ते तरी लक्षात आहे का, की तेही गाईने नेलं?"

यावर प्रबोधभाई ताठ झाले. खाकरले. आणि त्या घरात अचानक डेपो बोलायला लागला. "पहिली, मेथीचे मुठिये. दुसरी, दुधीचा हांडवो. तिसरी, आंब्याचा छुंदो. चौथी, पुन्हा मुठिये, पण जास्त खुसखुशीत. पाचवी, डाळढोकळी..." एकही थांबा न चुकवता ते अकराव्या वाटीपर्यंत गेले आणि शेवटी हळूच म्हणाले, "सातवी जरा तिखट होती."

पन्नास वर्षं जसुफोई वाट्या वाटत होती. लोकांनी खाल्लं होतं, नावं ठेवली होती, परतफेड केली होती. पण असं पाठ कुणी केलं नव्हतं. तिचे डोळे भरून आले. ते लपवायला ती ओरडली, "अहो, साखर घालायची!"

"काय?"

"घरात काही नसलं तर वाटीत चिमूटभर साखर घालून परत देतात. तेवढी पुरते."

प्रबोधभाई खाली पाटावर बसले. "साखर चालते?"

"अख्ख्या गुजरातेत चालते."

त्यांनी आपल्या भाजलेल्या बोटांकडे पाहिलं, कढईकडे पाहिलं, मग तसबिरीकडे पाहिलं. "कुसुम, हे सांगायला हवं होतंस," ते म्हणाले. आणि जसुफोईला असं हसू फुटलं की तिला ओटा धरावा लागला. मग तेही हसले. वर्षभरात बहुतेक पहिल्यांदाच.

तिने त्यांना कुलेर शिकवली. ती सातमीचीच, विस्तव न लागणारी. बाजरीचं पीठ, तूप, किसलेला गूळ, आणि मळायला हात. पहिला घाणा भुगा झाला, दुसरा चिकट झाला, तिसरा जमला. तो बरोबर एका वाटीपुरता होता.

"ही झाली एक," ती हात धुताना म्हणाली. "बाकीच्यांत साखर घाला आणि उद्या सकाळी सगळ्या पाठवून द्या. ट्रंकेत भरायच्या आहेत."

"ट्रंकेत?"

"भाचा येतोय न्यायला. आणंदला चालले. कायमची."

दारात मधुकांता उभी होती. सातमीला शेगडी पेटवणारा पापी बघायला ती आली होती. "कायमची म्हणजे?" तिने विचारलं.

"कायमची म्हणजे कायमची. बहिरी झालीस का?"

प्रबोधभाईंनी एवढंच विचारलं, "गाडी किती वाजता?"

"अकराला."

घरी येऊन जसुफोई झोपाळ्यावर बसली आणि ढसढसा रडली. तिला जायचं नव्हतं. पण 'जात नाही' हे शब्द तिच्या तोंडून निघणार नव्हते, आणि हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

आठमीला अकराच्या ठोक्याला परिमल आला. ट्रंक दारात तयार होती. आत साड्या, पोथी, आणि कागदात गुंडाळलेली उरलेली एक वाटी.

"चल फोई, फाल्गुनी वाट बघतेय."

"वाट्या यायच्या आहेत. बापाच्या आहेत, त्या सोडून मी हलणार नाही," जसुफोई म्हणाली. सकाळपासून चार वेळा तिने टोकाच्या घराकडे पाहिलं होतं.

परिमल हाक मारणार तोच प्रबोधभाई आले. इस्त्रीचा सदरा, भांग पाडलेला, हातात एकच वाटी. "कुलेर आहे," ते म्हणाले. "बाकीच्या दहा भरायच्यात. रोज एक होते माझ्याच्याने."

"अहो काका, असू द्या. तशाच द्या रिकाम्या."

 बाकीची सगळी सहा घरं ओट्यावर आली होती. "रिकाम्या?" मधुकांता म्हणाली. "सणाच्या दिवशी? परिमल, हेच शिकलास का रे इथे?"

परिमलही खडकीतच वाढलेला. त्याला कायदा ठाऊक होता आणि पळवाटही. "मग चिमूट चिमूट साखर घाला. झालं!"

प्रबोधभाईंनी एकवार जसुफोईकडे पाहिलं. "साखर संपली," ते म्हणाले.

"मी आणतो की. मधुकाकी, मूठभर साखर द्या."

मधुकांताच्या मांडीवर प्रसादाच्या पंजरीचं ताट होतं, धणे आणि साखर यांचा हा ढीग. "साखर?" ती म्हणाली. "कालच संपली बघ."

"मग या पंजरीत काय आहे?"

"श्रद्धा."

शेजारच्या कनुभाईंनी तोंडातला पेढा गालात सरकवून सांगितलं, की डॉक्टरने घरात साखर ठेवायला बंदी केलीय. पुढच्या घरात साखरेला मुंग्या लागल्या म्हणून फेकून दिली होती. त्याच्या पुढच्या घरात नुसता गूळ होता. "गूळही चालेल," परिमल म्हणाला, तर तो त्याच क्षणी संपला. सणाचं दुकान बंद. घामाघूम होऊन परिमल परत आला. "फोई, तुझ्या डब्यात तर असेल!"

सगळी खडकी जसुफोईकडे बघायला लागली. साखरेचा डबा तिच्या मागे फळीवर होता, काचेचा, गळ्यापर्यंत भरलेला. तिला 'जात नाही' म्हणायचं नव्हतं. कुणी तिला 'राहा' म्हटलंही नव्हतं. त्यांनी फक्त साखर लपवली होती, सहा घरांनी मिळून, काल दुपारपासून.

"नाही रे," ती म्हणाली. "कणभर नाही." खोटं ती आधीही बोलली होती, पण इतक्या समाधानाने कधीच नाही.

मग प्रबोधभाई खाकरले. खडकीने हा आवाज पहिल्यांदाच ऐकला. "आणंदकडे जाणाऱ्या प्रवाशांनी लक्ष द्यावं. दहा वाट्या भरेपर्यंत गाडी सुटणार नाही. मधल्या काळात नव्या वाट्या निघाल्यास आणखी उशीर होईल." आंबलीच्या झाडावरची कबुतरं उडाली.

परिमलने डब्याकडे पाहिलं. पंजरीकडे पाहिलं. कनुभाईंच्या गालाकडे पाहिलं. मग तो ट्रंकेवर बसला. "फोई, मी विचारलं होतं, तिथे कोण आहे तुझं. तू म्हणालीस, कुणी नाही."

"तेव्हा मी मोरीत पडले होते."

"मोरीत?" मधुकांता ताट घेऊन उठलीच. "पडलीस? आणि मला सांगितलं नाहीस? मेले, मी समोर राहते! उद्यापासून दहाच्या आत तुझी वाटी बाहेर दिसली नाही ना, तर काठी घेऊन आत येईन. वाटीत काही असो नसो."

"दहाला मी पुकारा करीन," प्रबोधभाई म्हणाले.

  जसुफोईने प्रबोधभाईंच्या हातातली वाटी घेतली, चिमूटभर कुलेर तोंडात टाकली. "गूळ कमी आहे," ती म्हणाली, आणि पदराने डोळे पुसले.

ती वाटी तिने परिमलच्या हातात ठेवली. "फाल्गुनीला दे. एवढी खोली रंगवली पोरीने. सांग, चार दिवस राहायला येईन, पण आधी तिने यायचं. वाटी माझ्या बापाची आहे, हरवू नका. आणि..."

"रिकामी आणायची नाही," परिमल म्हणाला. "माहीत आहे."

गाडीत फोईसाठी ठेवलेल्या पुढच्या जागेवर त्याने वाटी ठेवली आणि कलंडू नये म्हणून तिच्याभोवती पट्टा लावला. गाडी वेशीबाहेर गेली. ट्रंक दारातच होती.

जसुफोई ओट्यावर टेकली. "मधुकांता," ती समोर बघून म्हणाली, "चहा टाक सगळ्यांना. आणि साखर नीट घाल. सापडली असेल आता."